डावा कान

प्रिय काका,

आपल्या गुप्तहेराच्या बाराव्या कादंबरीचं प्रूफ वाचलं. सम प्रकरणं माझी, विषम तुमची, हे पहिल्यापासून ठरलेलं. तरी मुखपृष्ठावर एकटे तुम्हीच. आत, "सुवाच्य हस्ताक्षराबद्दल पुतणीचे आभार."

विचारलं तर हसलात. "अगं, दोन नावं टाकली तर खून कुणी केला ते लोकांना कळायचं कसं?"

नवव्या प्रकरणात साक्षीदार गुप्तहेराच्या डाव्या कानात खुन्याचं नाव कुजबुजतो. तो कान पहिल्याच पुस्तकात बहिरा झालाय. तुमच्या अशा चुका मी नेहमी गुपचूप सुधारते. चुका शोधायला लहानपणी तुम्हीच शिकवलंत. या वेळी तशीच ठेवून प्रूफ परत दिलं.

छपाई उद्या आहे. एका फोनचं काम. सकाळपासून तीनदा उचलून खाली ठेवलाय.

तुमचं,
सुवाच्य हस्ताक्षर