कावळ्याला कबूल केलेली परीक्षा

बालाजी घाट, वाराणसी
रविवार, १८ मे १९९७

तीर्थस्वरूप सौ. शरदिनीअक्का यांस,

दिनानाथचा काशीहून नमस्कार. तुमचे गुडघे आणि भाऊसाहेबांचा दमा यांची चौकशी कालिंदी पत्राच्या पहिल्याच ओळीत करत असे, तशी मीही करतो. त्यापुढे ती 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायची. ते लिहिण्यासाठी मी तीनदा पेन टेकवलं. पण घरात मी एकटाच असताना 'सर्व' कुणाला म्हणायचं ते कळेना. तेव्हा इकडे जेवढं आहे तेवढं ठीक आहे. बिंदुमाधव मद्रासहून दर रविवारी फोन करतो आणि बाबा, जेवलात का, असं विचारतो. मी जेवलो म्हणतो. तो म्हणतो, बरं. असं आमचं बापलेकांचं बरंच बोलणं होतं. तुमचा वड्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. (धाकट्या बहिणीसाठी म्हणून तुम्ही खोबऱ्याच्या वड्या करून आणल्या होत्या. तुमची गाडी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.) वड्या हळूहळू मीच संपवल्या. डबा घासून ठेवला आहे.

पत्रं लिहिण्याची मला सवय नाही. आमच्या घरची पत्रं कालिंदीच लिहायची आणि मी खाली 'दिनानाथचा सा. न.' एवढं जोडायचो. पण हा विषय फोनवर बोलता येणार नाही, कारण फोन खालच्या मजल्यावर वासुदेवरावांकडे आहे, आणि त्यांची मुलगी गीता याच परीक्षेला बसते आहे. तिच्यासमोर हे बोलायला मला लाज वाटते.

विषय म्हणजे दहाव्याचा कावळा. तुम्ही तिथे होतातच, पण तुम्ही रडत होता, त्यामुळे काही तपशील निसटले असतील म्हणून लिहितो. पिंड ठेवून पाऊण तास झाला होता. घाटावर माकडं होती, कबुतरं होती, दोन कुत्री होती (त्यांना हाकलण्यातच वासुदेवरावांचं धोतर चिखलात गेलं), पण कावळा एकच होता आणि तो बुरुजावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. विश्वेश्वर गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असणार, काय ते कबूल करून टाका. बिंदुमाधवने वर्षाच्या आत लग्न कबूल केलं. वासुदेवरावांनी तुळशीला रोज पाणी घालण्याचं कबूल केलं. मी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेईन म्हणालो. नाववाला शिवराम खालून ओरडला, "बाबूजी, जोर से बोलिए, कउवा ऊँचा सुनता है!" मी जोरात म्हणालो. कावळ्याने मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत पाठ केली. (गोळीबद्दल मी काही बोललो की कालिंदीही हेच करायची.) गुरुजी नाइलाजाने दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा तुम्ही पुढे झालात, पिंडाचं वाकडं झालेलं पान नीट सरळ केलंत आणि म्हणालात, "कालिंदी, दिनानाथराव एम.ए. करतील. प्रवेश परीक्षेला बसतील. मी बसवते." तुमचं 'बसवते' पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. शब्द तुमचा आणि परीक्षा माझी, हे माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं.

दोष माझाच आहे. १९६१ साली मी बी.ए. झालो (इतिहास, दुसरा वर्ग), लगेच रेल्वेत लागलो, आणि 'आमचं एम.ए. राहिलं' असं पस्तीस वर्षं सांगत फिरलो. कालिंदी लोकांना माझी ओळखही तशीच करून द्यायची, की हे रेल्वेत आहेत, ह्यांचं एम.ए. राहिलंय. ऐकणाऱ्याला वाटे काही दुखणं आहे. निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने समोर चहा ठेवला आणि विचारलं, "मग?" मी म्हटलं, पावसाळा होऊ दे. पावसाळ्यानंतर म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीही झाली.

फॉर्म मी जानेवारीत आणला. वयाची काही अट आहे का, हे खिडकीवरच्या कारकुनाला मी दोनदा विचारलं, आशेने. अट नाही. मग गीता म्हणाली, काका, क्लास लावल्याशिवाय जमणार नाही, म्हणून तिच्याबरोबर क्लासला गेलो. मी आत शिरलो आणि साठ मुलं उभी राहिली. गीता चपला काढत बाहेरच होती. मी मागच्या बाकाकडे निघालो, तर एका मुलाने अदबीने माझ्या हातात खडू दिला. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. समोरच्याचा गैरसमज झाला की तो दूर करायला मला दोन-तीन दिवस लागतात. मी फळ्यावर तारीख लिहिली. मग काही सुचेना म्हणून हजेरी घेतली. छत्तिसाव्या नावापर्यंत आलो तेव्हा खरे सर आले, पंचवीस-सव्वीस वर्षांचे. त्यांना वाटलं मी कुणाचा तरी पालक, तक्रार घेऊन आलो आहे. माझ्याकडे न बघताच त्यांनी माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून मी घरीच अभ्यास करतो.

पण घरी मन लागत नाही. गीताचं म्हणणं, मोटिवेशन पाहिजे. "काका, जिच्यासाठी करताय ना, ती चीज एकदम सामने ठेवा." मी कालिंदीचा फोटो टेबलासमोर ठेवला. दीड पान वाचल्यावर मान वर केली तर ती माझ्याकडे, मी दूध उतू घालवल्यावर बघायची तशी बघत होती. मी फोटो थोडा फिरवला. मग ती खिडकीतून गंगेकडे बघू लागली, ते तर अजिबात बघवेना. आता तो बाजूला ठेवला आहे, तिची नजर पुस्तकावर पडेल असा. त्यामुळे पान उलटण्याआधी तिचं वाचून झालं असेल का, असं मनात येतं आणि मी थांबतो. (हे कुणाला सांगू नका.)

पाठांतरासाठी विश्वेश्वर गुरुजींकडे गेलो. ते घनपाठी. म्हणाले, दिनानाथराव, ज्या पद्धतीने हजारो वर्षं वेद टिकले, तिच्यावर तुमचे मोगल टिकणार नाहीत? आणि त्यांनी मला संध्याकाळी पायरीवर बसवून बाबर-हुमायून, हुमायून-बाबर, बाबर-हुमायून-अकबर, अकबर-हुमायून-बाबर, बाबर-हुमायून-अकबर अशी सगळी गादी स्वरात म्हणायला शिकवली. फार गोड लागते. दोन यात्रेकरू बायका डोळे मिटून ऐकत बसल्या आणि उठताना नमस्कार करून गेल्या. पद्धत पक्की आहे, आता मी मेलो तरी विसरणार नाही. अडचण एवढीच की हुमायूननंतर कोण, असा प्रश्न आला की मला बाबरापासून निघावं लागतं, आणि पुढे जाऊन परत मागे यावं लागतं. गीताने घड्याळ लावून सराव परीक्षा घेतली. शंभर प्रश्नांपैकी एकेचाळिसाव्यावर वेळ संपली. गीता हसली नाही, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मला समजलं.

भरीस भर म्हणून खिडकीत रोज चारच्या सुमाराला एक कावळा येतो. तोच की दुसरा, हे मला ओळखता येत नाही. मी वाचत असलो तर गप्प बसतो. डुलकी लागली की ओरडतो. एकदा पुस्तकाखाली वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होतो, तर आत टेबलापर्यंत आला.

तेव्हा अक्का, आता मुख्य विनंती. शब्द तुम्ही दिला आहे, तर तो तुम्हीच परीक्षेआधी परत घ्यावा. वर्षश्राद्धाला तुम्ही येणारच आहात, तेव्हा त्याऐवजी दुसरं काही कबूल करता येईल. मी बद्रीनाथला जाऊन येईन. गोड सोडेन. वयाच्या साठाव्या वर्षी तीन मुलांच्या मध्ये बाकावर बसून पेन्सिलीने गोल काळे करायचे, आणि नापास झालो तर ते कावळ्याला कसं सांगायचं, याने मला झोप येत नाही. तिची शेवटची इच्छा पुरी करताना माझ्याकडून चूक होण्यापेक्षा, ती दुसरीच काहीतरी होती असं ठरलेलं मला परवडेल. रागावू नका. भाऊसाहेबांना सादर प्रणाम.

तुमचा (अजून बी.ए.)
दिनानाथ

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात प्रवेशपत्र आलं. परीक्षा रविवारी, ८ जूनला, सकाळी सातला. त्यावरच्या फोटोत मी रडवेला दिसतो. गीता म्हणते सगळ्यांचाच तसा येतो.

दुसरा ता. क. पत्र दोन दिवस तसंच राहिलं होतं. काल गल्लीत विश्वेश्वर गुरुजी भेटले. म्हणाले, सहा महिने मनात सलतंय. त्या दिवशी पान सरळ करताना तुम्ही पदराच्या गाठीतून काहीतरी पांढरं काढून दर्भाखाली सरकवलंत आणि त्यांना वेलचीचा वास आला. ("मी बोललो नाही. सकाळपासून मीही उपाशी होतो हो.") त्यांच्या मते कावळा वडीसाठी आला, तेव्हा तो शब्द काही बांधणारा नाही. "दिनानाथराव, तुम्ही मोकळे," असं मला म्हणाले.

म्हणजे वर जे मागितलं ते मला मिळालंच. घरी आलो, पुस्तक मिटायला टेबलाशी बसलो, आणि शेरशहा संपेपर्यंत मिटलं नाही.

खरं काय ते मला कळवू नका. पण अक्का, गुरुजींना आमचं घर माहीत नाही. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावरही, तुमच्या डब्याचं झाकण वाजलं की घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून इतक्या तातडीने येणारं एकच माणूस होतं. तुम्ही वडी ठेवली नसती, तर कदाचित मला शंका राहिली असती.

तिसरा ता. क. वरची मुख्य विनंती रद्द समजावी. खरी अशी की, परीक्षेला निघताना हातावर दही घालणारं घरात कुणी नाही. गीता घालते म्हणते, पण ती माझी प्रतिस्पर्धी आहे. तुम्ही सात तारखेपर्यंत या. गुडघ्यांचं मला ठाऊक आहे, शिवराम आणि मी तुम्हाला खुर्चीत बसवून गल्लीतून आणू. भाऊसाहेबांना सांगा की डबा न्यायला जाते. आणि येताना दुसरा भरून आणा. एक वडी माझी आणि एक खिडकीत ठेवायला. आधी खिडकीतली ठेवू. ती उचलली गेली की मी निघेन.