मेमरीची खाच

स्लावित्सा पोरी,

मी भावाकडे गावाला चाललोय, सोमवारी येईन. भरलेल्या मिरच्या ओव्हनमध्ये आहेत.

काल तुझं कौतुक करायला तोंड उघडलं नाही, म्हणून लिहितो. दुकानदाराने ती दिव्यांची झगमगती मेमरीची पट्टी माझ्या गळ्यात मारली, आणि तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ती बसेना तेव्हा तिची खाच घासायला मी सरळ कानस उचलली. चाळीस वर्षं फिटर होतो. न बसणारी वस्तू घासून बसवायची, एवढंच मला ठाऊक. तू माझा हात धरलास. "बाबा, चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच ती खाच तिथे केलीय." मग जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचलंस, माझी परत केलीस आणि निम्म्या किमतीत दोन सारख्या वापरलेल्या पट्ट्या आणल्यास. गिऱ्हाइकांच्या किचनची तुझी ड्रॉइंगं आता झटक्यात उघडतात. माझ्या हाताखाली तुझ्या तोडीचा एकही माणूस नव्हता.

संध्याकाळी गोइको जर्मनीहून येतोय. मुलगा माझा असला तरी नवरा तुझा आहे. त्याला घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव. 'जुळवून घे' असं तीन वर्षं तुला सांगत आलो. आता सांगणार नाही.

कानस पेटीत ठेवली आहे.

व्लास्तिमिर बाबा