खापरावरचे बर्गर

धुळे, रविवार, संध्याकाळ

वाटी फेकताना माझा हात थरथरला कसा नाही?

टर्कीच्या खिम्यात आलं, कांद्याची पात, सोया सॉस घालून जपानी पद्धतीचे बर्गर केले. तवा लहान, म्हणून पुरणपोळीच्या खापरावर भाजले. त्याला मटणाचा हातसुद्धा लावत नाहीत. विसरलेच.

"तुनी पोरनी खापर बाटाडं," असं आईला म्हणत नानांनी, माझ्या वडिलांनी, वरवंट्याने खापर फोडलं. मग तोच आईच्या खांद्यावर घातला. पुन्हा उगारला, तेव्हा मी मिरचीच्या सॉसची वाटी त्यांच्या डोळ्यांवर फेकली. नेम धरून. ते ओरडत खाली बसले.

आईने आधी त्यांचे डोळे धुतले. मग उभ्यानेच, चांगल्या हाताने बर्गर खाल्ला.

"तिखट जरा कमीच शे," म्हणाली.