मॉनिटर तक्रार करत नाही

४ मार्च
रोजनिशी पुन्हा सुरू. मागच्या वेळी ह्यांनी वहीवर चहा सांडला म्हणून बंद पडली होती. त्याआधीही ह्यांनीच काहीतरी केलं असणार.

आमचा कुत्रा मॉनिटर पुढच्या उजव्या पायाने लंगडतोय. हे म्हणाले, डॉक्टरला दाखवू. मी म्हटलं, मुरगळलाय. खालच्या मजल्यावर माझी नणंद राहते. ती दारात उभी राहून बिस्किट नाचवते आणि हा नऊ वर्षांचा घोडा उड्या टाकत जिना उतरतो. मुरगळणार नाही तर काय होणार?

ठराव: मॉनिटरला आठवडाभर जिना बंद. नणंदेलाही.

१२ मार्च
जिना बंद राहिला नाही. दुपारी मी जरा पडते तेव्हा दार आपोआप उघडतं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, वारा. आमच्या वाऱ्याला कडी काढता येते.

पायाला सूज आली. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे पोनीटेल घातलेली एक मुलगी. आमच्या कॉन्व्हेंटात असती तर सिस्टरने दोन वेण्या घालून ये म्हणून घरी पाठवली असती. तिने एक्स-रे काढला, दिव्यावर धरला आणि पेनच्या टोकाने दाखवत म्हणाली, हाडाचा कॅन्सर आहे. मॉनिटरच्या समोर. मी तिला इंग्रजीत समज दिली की पेशंटच्या तोंडावर असं बोलत नाहीत. ती म्हणाली, त्याला नाही हो कळत. ज्याला 'सिट', 'स्टे', 'नॉट नाऊ' आणि 'डोन्ट बी सिली' कळतं, त्याला एवढा एक शब्द कळणार नाही?

हे त्याचा कान चोळत उभे होते.

१३ मार्च
पोनीटेलने तीन पर्याय दिलेत. प्रश्नपत्रिकेत देतात तसे, कोणताही एक सोडवा. पहिला, पाय कापायचा आणि मग केमो. दुसरा, दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या देऊन जमेल तितके दिवस आरामात ठेवायचं. तिसरा तिने आवाज खाली आणून सांगितला. कायमचं झोपवायचं.

तीन पायांचा मॉनिटर मला चालणार नाही. रस्त्यात लोक थांबून च् च् करतील. तिसऱ्याचं तर नावच नको. राहिला दुसरा, पण तो माझ्या पद्धतीने. वेळेवर खाणं, वेळेवर फिरणं, वेळेवर झोप, लाड बंद. शिस्तीने अर्धा आजार जातो. उरलेल्या अर्ध्याचं बघून घेऊ.

हे म्हणाले, अगं पण. मी पेपर वाचत होते. बोट वर केलं. थांबले.

१७ मार्च
बोटाबद्दल नीट लिहून ठेवते, कारण नणंद लोकांना भलतंच सांगते.

मी सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेची प्रमुख होते. हॉल भरलेला असायचा आणि पंख्यांशिवाय आवाज नसायचा. मला कधी ओरडावं लागलं नाही. माझ्या टाचांच्या चपला वाजल्या की निम्मे गप्प, एक बोट वर गेलं की उरलेले. (चपला अजून त्याच प्रकारच्या घालते, घरातसुद्धा. आपण येतोय हे लोकांना कळलेलं बरं.)

मॉनिटर पिल्लू असताना रात्रभर केकाटायचा. आठवड्यात शिकला. बोट वर, तोंड बंद. पुढे बोटाचीही गरज उरली नाही. घरात तो कधी भुंकला नाही, कधी कण्हला नाही. बेल वाजली तर उठून माझ्या तोंडाकडे बघतो. अशी माणसंही मिळत नाहीत. ह्यांना शिकायला वर्ष लागलं होतं.

२४ मार्च
गोळ्यांनी मॉनिटरचा पार दारुडा झालाय. दिवसभर लोळतो, लाळ गाळतो. पोनीटेलला फोन केला. तिने विचारलं, रडतो का? कण्हतो? रात्री कुरकुरतो? मी म्हटलं, अजिबात नाही. तिला नवल वाटलं. म्हणाली, एक्स-रे बघता त्याने घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. मग हाच डोस ठेवा, कण्हायला लागला की वाढवू.

म्हणजे एक्स-रे चुकलाय. हे कबूल करायची तिची तयारी नाही, एवढंच.

रडत नाही म्हणजे दुखत नाही. दुखत नाही तर गोळी कशाला? तरी उगाच वाद नको म्हणून आजपासून अर्धी. उरलेले अर्धे तुकडे चमच्यांच्या खणात, एका डबीत.

२ एप्रिल
अर्ध्या गोळीचा उत्तम परिणाम. लोळणं बंद. आता तो सतत जागा असतो, डोळे टक्क उघडे. किती अलर्ट. हे म्हणाले, त्याला झोप लागत नाहीये. काही माणसांना चांगलं बघवतच नाही.

मॉनिटरला धाप लागते जरा. उकाडाच तेवढा आहे.

८ एप्रिल
सेकंड ओपिनियन. हा डॉक्टर वयस्कर, टाय वगैरे, त्यामुळे आशा होती. एक्स-रे बघून तेच म्हणाला. दोघं एकच पुस्तक वाचून पास झालेली दिसतात. वर मला सांगतो, बाई, कुत्री दुखणं लपवतात. मी म्हटलं, आमचा लपवत नाही, त्याला वळण आहे. त्याने मॉनिटरच्या खांद्यावर बोटांनी दाबलं. मॉनिटर थरथरला आणि माझ्याकडे बघत राहिला. आवाज नाही. मी डॉक्टरला म्हटलं, बघा.

त्याने बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं. पुरुषांना एकमेकांकडे बघण्याशिवाय काही सुचत नाही.

१५ एप्रिल
नणंद वर आली होती. बसली नाही, पाणी घेतलं नाही, उभ्याउभ्या म्हणाली की मोन्या रोज दुपारी माझ्याकडे येऊन रडतो. (मॉनिटरला ती मोन्या म्हणते. बिस्किटाशिवाय हाक मारून दाखव म्हणावं.) मी म्हटलं, तुझा टीव्ही सकाळपासून ठणाणा करतो, मालिकेत कोणी ना कोणी रडतच असतं, त्यात तुला कुठलं रडणं कोणाचं ते कळतं कसं? तिचा चेहरा लाल झाला. जाताना ती दादाकडे, म्हणजे ह्यांच्याकडे, बघून गेली. हे माझ्या चपलांकडे बघत होते.

मत्सर. नवरा गेला, मूल नाही. कुत्रं तरी आपल्यापाशी येऊन रडावं असं वाटत असणार.

२१ एप्रिल
डबीतले तुकडे कमी झालेत. उंदीर. ह्यांना सापळा आणायला सांगितला. हो म्हणाले, आणला नाही. हे असलं.

मॉनिटर हल्ली मी खोलीत आले की पलंगाखाली जातो. विश्रांतीचं महत्त्व त्याला पटलंय.

लंगडा पाय आता टेकवतच नाही. तीन पायांवर जिना उतरतो, भिंतीला घासत. म्हणजे जे पोनीटेल कापून करणार होती ते याने न कापता केलं. तिला कळवायला हवं.

२८ एप्रिल
खात नाही. वाटी भरलेली आणि हा भिंतीकडे तोंड करून. मी पंधरा मिनिटांनी वाटी उचलते. नियम म्हणजे नियम. भूक लागली की येईल.

आला नाही. नणंदेच्या हातून चमच्याने दूधभात खाल्ला असं ह्यांच्या शर्टावरच्या शितांवरून कळलं.

ठराव: उद्यापासून दुपारी पडायचं नाही. दारात खुर्ची टाकून बसायचं. वाऱ्याला पकडायचं.

५ मे
खुर्चीत झोप लागली असणार. पंखा बंद पडला तेव्हा जाग आली. लाइट गेले होते. सगळी इमारत गप्प. खालचा टीव्हीसुद्धा.

दार उघडं होतं. जिन्यातून आवाज येत होता. आधी वाटलं पाण्याचा पंप. मग वाटलं कोणाचं तान्हं मूल. बारीक आवाज, थांबत नव्हता, श्वास घेण्यापुरता तुटायचा आणि परत सुरू.

मी खाली निघाले. तिसऱ्या पायरीवर आवाज बंद झाला.

नणंदेचं दार सताड उघडं. जमिनीवर चटई, चटईवर मॉनिटर, त्याचं डोकं ह्यांच्या मांडीवर. तोंड घट्ट मिटलेलं. त्याची सगळी कातडी थरथरत होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मी बोट वर केलं नव्हतं. माझ्या एका हातात किल्ली होती, दुसऱ्या हातात पदर.

ह्यांच्या शेजारी चमच्यांच्या खणातली डबी. रिकामी.

नणंद म्हणाली, "वहिनी, सांगितलं होतं मी."

मी विचारलं, चोरून गोळ्या द्यायची काय गरज होती, मला सांगता आलं नसतं का. हे डोळे वर न करता म्हणाले, "तू वर जा."

मी म्हटलं, म्हणजे काय.

"तू असलीस की त्याला रडता येत नाही. वर जा."

वर आले. पाणी प्यायले. मग जिन्याच्या टोकाला नुसती उभी राहिले. बराच वेळ काही नाही. मग परत सुरू झालं. थोड्या वेळाने लाइट आले, खाली टीव्ही लागला, आणि काही ऐकू येईनासं झालं. टीव्ही एवढा मोठा का लावतात ते कधी विचारलं नव्हतं.

६ मे
पर्याय तिसरा. फोन ह्यांनी केला. मला विचारलं नाही.

दवाखान्यात पोनीटेलने गोळ्यांचं विचारलं. हे सगळं बोलले, एका दमात. ती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, कण्हला तर वाढवू असं तुम्हीच म्हणाला होतात. तो कण्हला नाही. ती म्हणाली, बरोबर आहे. एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

हे म्हणाले, बाहेर बस. बसले. आत तो रडत होता, ऐकू येईल असा. चांगला मोठा आवाज होता त्याचा. मला कल्पना नव्हती. शेजारी एका बाईच्या मांडीवर टोपली, टोपलीत मांजर ओरडत होतं, त्यामुळे नीट ऐकू येईना. सवयीने माझं बोट वर गेलं. बाई बघत राहिली. मांजर ओरडतच राहिलं.

मग आतून आवाज येईनासा झाला.

नणंद टॅक्सीत मागे ह्यांच्या शेजारी बसली. मी पुढे.

१५ मे
घर शांत. वाटी धुऊन वरच्या फळीवर ठेवली. वेळापत्रक मोडायचं नाही म्हणून संध्याकाळी एकटी फिरून आले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने विचारलं, आज साहेब कुठे? मला वाटलं ह्यांचं विचारतोय. सांगितलं, खाली आहेत.

हे दुपारी खाली असतात. जेवायला वर येतात, जेवतात, भाजी बरी झालीय म्हणतात. मी त्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवलंय. आठवडाभर पाळलं.

आज दुपारी पडले नाही. खाली टीव्ही चालू होता, मालिकाच असणार, कोणीतरी रडत होतं. मग जाहिराती लागल्या. रडणं थांबलं नाही. पुरुषाचा आवाज होता.

मी जिन्यावर गेले. नुसतं खाली जाऊन बसावं, काही बोलू नये, असं मनात होतं. तिसऱ्या पायरीवर आवाज बंद झाला.

परत वर आले.

ठराव: उद्या मऊ तळाच्या चपला आणायच्या.