काळजीचा इंग्रजी शब्द

बाई, आई काल बोलली. तुम्ही असतात तर आधी तुम्हालाच सांगितलं असतं.

तुम्ही पनवेलहून आमच्या मोरा बंदरातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला यायचात. एकदा फळ्यावर 'अँक्शस' लिहिलंत. पुढे काय होईल ते ठाऊक नसताना ज्याचा जीव टांगणीला लागतो, तो अँक्शस. मागोमाग 'अबाऊट' लावून कुणासाठी ते सांगायचं. मग माझ्याकडे वळलात. "बाबांची होडी वादळातून परतली नाही ना? आईवर वाक्य कर."

"आई बरी हाय."

"खोटं बोलू नकोस."

"नाय करनार वाक्य!"

तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं केलंत. आमच्यात दर्यावर गेलेल्याची काळजी बोलून दाखवत नाहीत. बोललं की ती खरी होते, असं आई मानायची. संध्याकाळी तुम्ही घरी आलात, तेव्हा ती बाबांचं ताट वाढून झाकत होती. "बसा बाय. पोरीनं तोंड चालवलं ना? बापावर गेलीय!" म्हणून हसली. तुम्ही त्या ताटाकडे पाहिलंत आणि गुपचूप तिच्याशेजारी जवळा निवडायला बसलात. होडीचा विषय काढला नाहीत. दुसऱ्या दिवशी तो शब्द स्वतःच्या हाताने पुसलात.

बाबा आले नाहीत. आई गप्पच राहिली. ओरडायचं काम सगळं माझ्या वाट्याला आलं. वादळाची खबर आमच्या होड्यांपर्यंत वेळेत का पोचत नाही, हे मी आजही सभांमधून टेबलावर हात आपटून विचारते. उत्तर मिळेपर्यंत विचारणार.

आई आता माझ्याकडे पनवेलला असते. तिला फारसं आठवत नाही. बोलायचं नसतं, हेही ती विसरलीय. काल दिवेलागणीला खिडकीशी उभी राहून म्हणाली, "अजून नाय आला गो. माझा जीव घाबरा झालाय. तुला काय वाटत नाय?" आज सकाळपासून तेच चाललंय. खरं सांगावं, तर ती आज नव्याने विधवा होईल. खोटं सांगावं, तर उद्या पुन्हा खिडकीशी उभी राहील.

हे पत्र कुठे टाकू, बाई? स्वयंपाकघरात बसून लिहितेय. तिची हाक ऐकू येऊ नये म्हणून मिक्सर लावलाय. भांड्यात काही नाही.