अव्वाच्या बसण्याची जागा

॥ ॐ नमः शिवाय ॥

नांदेड,
६ फेब्रुवारी २०२५

चि. संगमेश्वर यास,
ताईचा आशीर्वाद. वि. वि.

आपल्या शेतात मुरमाचा रस्ता पडला आणि चुन्याच्या रेघा अप्पांच्या समाधीला येऊन टेकल्या. ही बातमी मला तू दिली नाहीस. शेजारच्या शेतातल्या महादेवप्पा काकांनी दिली. ते स्वतः बांधावर जाऊन बघून आले आणि मग त्यांनी मला फोन केला. समाधी तशीच ठेवून भोवती लोखंडी कठडा होणार, आणि तिच्या शेजारची जागा, जी आपण आपल्या आईसाठी, अव्वासाठी राखली होती, तिथे प्लॉट पाडणारे लेआउटवाले मुलांचे झोके बसवणार, असं त्यांना तिथल्या मुकादमाने सांगितलं.

मी लगेच तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालास की ताई, थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं. मी फोन ठेवला. आता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू गोड बोलत राहतोस आणि शेवटी मी हो म्हणून बसते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

शाळेत कुणी बाई रजेवर गेल्या की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडतो, त्याला आमच्याकडे अ‍ॅडजस्टमेंटचा तास म्हणतात. लातूरच्या बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा येतो आणि बसायच्या आधीच अ‍ॅडजस्ट करा म्हणतो, मग माझा अर्धा जीव वाटेत लोंबकळतो. शिंपी ब्लाऊज तंग शिवतो आणि म्हणतो, ताई, घालून घालून अ‍ॅडजस्ट होईल. माझ्या लग्नात नवरामुलगा नोकरीला नाही हे हळद लागल्यावर कळलं, तेव्हा थोरल्या काकांनी मला बाजूला घेऊन हाच शब्द सांगितला होता. गेल्या वर्षी नववीतल्या एका पोरीने मला विचारलं की बाई, अ‍ॅडजस्टला मराठी शब्द काय? मी फळ्यावर लिहीत गेले: जुळवून घेणे, सरकणे, सामावणे, सोसणे, गप्प बसणे. फळा भरला, पण तिचं समाधान होईना. माझंही झालं नाही. आज मला कळलं की हा शब्द जो म्हणतो तो कधीच सरकत नसतो.

तू शेत विकायला काढलंस तेव्हा तुझ्या म्हणण्यावरून मी माझ्या वाट्याच्या हक्कसोडीवर सही केली. घरातली जमीन, बहिणीने अ‍ॅडजस्ट करावं, असं तेव्हाही तूच म्हणाला होतास. मी एकच गोष्ट मागितली होती, तोंडी, अव्वासमोर. अप्पांच्या शेजारची जागा अव्वाची राहील. तू तिच्या पायाला हात लावून हो म्हणालास.

माझ्या शाळेतल्या बायकांना समजावून सांगावं लागतं की आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात, मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. तुला हे सांगावं लागू नये. अप्पांना बसवलं त्या दिवशी अव्वा आपल्या दोघांना म्हणाली होती की मला यांच्या अंगाला लावून बसवा, हे एकटे लई घाबरतात. सगळे रडता रडता हसले होते. तूही हसला होतास.

अव्वाला हे सांगितलंस का, एवढंच कळव. शिल्पाला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, म्हणूनच राग इतका आहे.

तुझी,
मंजुषाताई


लातूर,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
संगमेश्वरचे शरणार्थ. वि. वि.

तुझं पत्र दुकानात आलं. स्पीड पोस्ट बघून मला वाटलं कंपनीची नोटीस आली. गिऱ्हाइकासमोर फोडलं आणि पहिली ओळ वाचून आत जाऊन बसलो.

तू मराठीची बाई आहेस, शब्दाला धरून मला फळ्यासमोर उभं केलंस. पण ताई, याच शब्दावर माझं घर चालतं. पाइपचे आटे बसत नाहीत, मी अ‍ॅडजस्ट करून देतो. प्लंबरचा माल परत येतो, पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट करतो. उन्हाळ्यात दोन महिने टँकरवर निघतात, ते शिल्पा करते. अप्पांच्या आजारपणात रोज दवाखाना आणि दुकान मी कसं केलं, ते तुला नांदेडहून दिसलं नसेल. सगळ्यांनी ताठ उभं राहायचं ठरवलं तर या घराचं दारसुद्धा उघडणार नाही.

आता जागेचं. लेआउट मृत्युंजयचा आहे. तो आपल्याच समाजातला, माझ्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्याने अप्पांच्या समाधीला हात लावलेला नाही, उलट कठडा आणि फरशी स्वतःच्या खर्चाने करतोय. पण चहूकडे घरं होणार, लोकवस्तीत नवी समाधी कोण करू देईल? त्याचं म्हणणं बरोबर आहे. लातुरात आपल्या समाजाची स्मशानभूमी आहे, चांगली झाडं आहेत, पाणी आहे. वेळ येईल तेव्हा अव्वाला तिथे अ‍ॅडजस्ट करू. अन वेळ येऊ नये असंच मला वाटतं. जित्या माणसाच्या मरणाची जागा धरून आपण भांडतोय, हे तुला बरं दिसतं का?

अव्वाला सांगितलं नाही. विक्रीच्या कागदावर तिची सही घेताना कोपरा तसाच राहणार असं सांगितलं होतं आणि कोपरा तसाच आहे.

रागावू नकोस, पण एक लिहितो. परवा दिवाळीनंतर अव्वा तुझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा दोन खोल्यांत अ‍ॅडजस्ट होत नाही म्हणून तूच मला फोन केला होतास. मी त्याच आठवड्यात गाडी घेऊन आलो होतो. तेव्हा मी तुला पत्र लिहिलं नव्हतं.

शिल्पा नमस्कार सांगते. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
संगमेश्वर


नांदेड,
१३ फेब्रुवारी २०२५

चि. संगमेश्वर यास,
आशीर्वाद.

दिवाळीचं लिहिलंस ते खरं आहे. त्याने तुझं खोटं खरं होत नाही.

कोपरा तसाच आहे, हे वाक्य तू तुझ्या गिऱ्हाइकाला सांग. पाइप तसाच आहे, फक्त त्यातून पाणी येत नाही, असं कुणी तुला सांगितलं तर तू त्याला दुकानातून बाहेर काढशील.

मृत्युंजयचं म्हणणं बरोबर, माझं म्हणणं बरोबर नाही, आणि अव्वाचं म्हणणं तू विचारलंच नाहीस. स्मशानभूमीत झाडं आहेत म्हणून ती जागा चांगली, हे तू कुणाला समजावतोस? तिला सावली नको, अप्पा हवेत. सत्तरी ओलांडलेली बाई आयुष्यात एकदा स्वतःसाठी जागा मागते, तीही जमिनीच्या खाली, आणि तुला तीही जास्त वाटते.

अव्वाला तू सांग. रविवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन, आणि तुझ्यासमोर सांगेन. जित्या माणसाच्या मरणाचं बोलू नये, हे शुभ-अशुभ मला शिकवू नकोस.

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून वर लिहिला. खाली लिहीत नाही.

मंजुषा


लातूर,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंस,
शिल्पाचे शरणार्थ. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. हे घरात म्हणाले की ताई पत्रच वाचतात, फोन उचलत नाहीत, म्हणून लिहिते.

अव्वांना कळलं. यांनी सांगितलं नाही. महादेवप्पा काकांच्या घरच्या दानम्माकाकू शनिवारी आल्या होत्या. चहा पिता पिता त्या म्हणाल्या की बरं झालं, अप्पांच्या शेजारी लेकरं खेळतील, त्यांना लेकरांचा लई नाद होता. त्यांच्या मनात काही नव्हतं. अव्वांनी कप खाली ठेवला आणि कुठल्या शेजारी, असं विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं.

हे दुकानातून आल्यावर अव्वांनी एकदाच विचारलं. हे म्हणाले की अव्वा, काळ बदलला, थोडं अ‍ॅडजस्ट करावं लागतं. अव्वा उठून पानावर बसल्या. जेवल्या, भांडी लावू लागल्या, झोपल्या. मला वाटलं मिटलं. तेवढं त्या नेहमीच अडजेस करतात, त्यांचाच शब्द. पाहुणे आले की आपली गादी देऊन खाली झोपतात, बसमध्ये कुणी लेकुरवाळी दिसली की उठून उभ्या राहतात.

रविवारी सकाळी बघते तर अव्वा नाहीत. देवघरात इष्टलिंगाच्या पूजेची पेटी नाही, घोंगडं नाही, पितळी तांब्या नाही. रिक्षा करून शेतात गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा अप्पांच्या समाधीशेजारी, चुन्याच्या रेघेवर घोंगडं टाकून मांडी घालून बसल्या होत्या. पूजा झाली होती, कपाळाला विभूती होती. यांनी हात जोडले, रागावले, मग रडवेले झाले. अव्वा एवढंच म्हणाल्या, "मेल्यावर तुमी मला कुटं बी बसवाल, मला कळायचं न्हाई. म्हनून आताच बसले. जित्या मानसाला कोन उठवतं बघू."

तेव्हापासून त्या तिथेच आहेत. रात्री दानम्माकाकूंच्या घरी झोपायला गेल्या, उजाडल्यावर पुन्हा रेघेवर. मी दोन्ही वेळा भाकरी घेऊन जाते. आज सकाळी जेसीबीवाला आला होता. अव्वांनी त्याला सांगितलं की माझी पूजा चालू हाय, तुझं यंत्र बंद कर. त्याने केलं. मग त्यालाच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली, बसायला घोंगड्याचं टोक दिलं. तो जेवून निघून गेला आणि मृत्युंजयभाऊंना फोन करून म्हणाला म्हणे की मी त्या म्हातारीवर यंत्र घालणार नाही, दुसरा बघा.

ताई, तुमचा राग मला पटतो. पण तुम्ही भावावर रागावता आणि नांदेडला असता. मी रागावते आणि त्यांनाच ताट वाढते. काल पहिल्यांदा वाढलं नाही. म्हटलं मी शेतात चालले, हाताने घ्या. त्यांनी घेतलं.

अव्वा तुमची वाट बघतात, बोलून दाखवत नाहीत. या. दुरून आशीर्वाद असतोच, आता जवळून द्यावा.

तुमची,
शिल्पा


लातूर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

शिल्पाने तुला लिहिलं, ते मला काल कळलं. आता पुढचं मी लिहितो.

मंगळवारी मी मृत्युंजयच्या ऑफिसात गेलो. मनात होतं की त्याला गोडीत घेऊन दोन-चार दिवस मागावेत, तोवर अव्वा थकेल. हो, असंच मनात होतं. त्याने चहा मागवला. समोर काचेखाली लेआउटचा नकाशा होता, त्यात आपल्या शेतात कुठे काय होणार ते रंगवलं होतं. अप्पांच्या जागी छोटं देऊळ काढलंय. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "संगमेश्वरभाऊ, तुमच्या आईला थोडं अ‍ॅडजस्ट व्हायला सांगा. आम्ही तुमच्या वडलांना केलंच की नाही?"

ताई, हाच शब्द मी दिवसातून किती वेळा म्हणतो. दुसऱ्याच्या तोंडून अव्वासाठी ऐकला आणि माझ्या कानशिलात बसली. अप्पांना याने अ‍ॅडजस्ट केलं. त्यांच्याच शेतात. मी चहा न पिता उठलो. आवाज चढला माझा, बाहेर बसलेले लोक आत आले. मी म्हणालो की तो कोपरा लेआउटमध्ये नाही. शेत विकलं, आईची जागा विकली नाही. तो कोपरा शेत म्हणूनच ठेव, तुझा रस्ता वळव. तो म्हणाला कागद वेगळं सांगतो. मी म्हणालो, कागद माझ्या शब्दावर झाला, आणि तो शब्द मी अव्वाला आधी दिला होता. समाजाची बैठक बोलव, मठातल्या महाराजांना बोलव, मी सगळ्यांसमोर सांगतो की मी आईला फसवून सही घेतली. तेव्हा तो नाही म्हणाला नाही, हो सुद्धा म्हणाला नाही.

तिथून शेतात गेलो. अव्वाला सगळं सांगितलं. मला वाटलं आता घरी येईल. ती म्हणाली, बोलणं झालं, मोजणीची दोरी कुठं पडली? आणि सरकून मला घोंगड्यावर जागा केली. मी बसलो. दुकान दोन दिवस बंद आहे. तू मला जे म्हणालीस त्यातला एक शब्दही परत घेऊ नकोस. तुझ्यावर माझाही राग आहे, दिवाळीचा. तो भेटल्यावर काढीन.

आता एवढंच ठरलंय. सोमवारी सकाळी मोजणीवाला येणार आहे, मृत्युंजयने त्यालाच पुढे केलंय. वकीलही आणणार म्हणे. तो कोपरा सोडून दोरी टाकेल की अव्वाच्या अंगावरून, ते तिथेच कळेल. मुकादम म्हणतो की सोडून टाकतील. महादेवप्पा काका म्हणतात की पोलिसात जातील. शिल्पा आणि दानम्माकाकू शेजारपाजारच्या बायकांना घेऊन येणार आहेत. पहाटेची नांदेड-लातूर बस धरलीस तर तू वेळेवर पोचशील. मी फाट्यावर उभा असेन.

अव्वा उठणार नाही. मीही तिला ऊठ म्हणणार नाही.

राग घेऊन ये, पण ये.

तुझा,
संगमेश्वर