सोमवारचा हरवलेला तास

मेकनेस,
रमजानचा एकोणिसावा रोजा

प्रिय हमादी,

सलाम. तू बरा असशील. आईचे गुडघे कुरकुरतात, पण रोजे सोडायचं नाव काढत नाही. तुमच्या डोंगरात फोन लागत नाही, आणि लागला तरी तू माझा उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मोहा टॅक्सीवाल्याने शाळेपर्यंत आणून द्यायचं कबूल केलंय.

ऑफिसात मोठा घोळ झाला. तुम्हा शिक्षकांचे बदल्यांचे अर्ज आमच्याकडेच जमतात, हे तुला सांगायला नको. सोमवारी सकाळी आमच्या अब्देलहकने जुने अर्ज पुसायला घेतले आणि पुसले यंदाचे.

"डोकं जाग्यावर नव्हतं, लल्ला बत्तूल. ना कॉफी, ना सिगारेट," तो मला म्हणाला.

"वा! रोजा तू धरायचास आणि उपास आम्हाला घडवायचास!" आमचे साहेब, सी बेनैसा, कडाडले.

निस्तरायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. रविवारचा बॅकअप होता. त्यावर सोमवारचे बदल क्रमाने चढवत न्यायचे आणि पुसापुशीच्या जरा आधी थांबायचं. कुठे थांबायचं ती वेळ यंत्राला द्यावी लागते. मी भिंतीवरचं घड्याळ धरून दिली. रमजानसाठी आपण सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली, पण त्या यंत्राचं घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी एक तास अलीकडेच थांबले आणि त्या तासातले बदल गेले. चूक कळेपर्यंत वर शेकडो नवे अर्ज येऊन पडले होते. पुन्हा मागे जाणं म्हणजे त्यांच्यावर पाणी सोडणं.

त्या तासात ज्यांनी काही बदललं, त्यांना पोच गेली होती. पोचेच्या प्रती ईमेलमध्ये शाबूत होत्या. मी एकेकाला फोन लावून "पुन्हा भरा" म्हणून सांगत बसले. खेनिफ्राच्या एका बाईंनी मला फैलावरच घेतलं. "नवऱ्याला न सांगता भरला होता हो! आता पुन्हा तेवढं धाडस कुठून आणू?"

त्यात तुझीही पोच होती. मेकनेसला बदलीचा अर्ज तू मागे घेतलास.

म्हणजे आता तो मागे घेतलेला नाही. दरवर्षीचा अर्ज आपोआप पुढे चालतोय आणि यंदा तुझा नंबर नक्की लागतो. पोच हातात असल्यामुळे तू निर्धास्त असशील. कुणी काही बोललं नाही, तर उन्हाळ्यात बदलीचा हुकूम येईल आणि तुला निमूट घरी यावं लागेल. दोष यंत्राचा.

बाकी सगळ्यांना कळवलं. तुला कळवायचं लांबवत राहिले. आईने तुझ्या खोलीला चुना दिलाय, गादीची लोकर धुऊन गच्चीवर वाळत घातलीय. मला तू इथे हवा आहेस, हमादी. आईचं सगळं एकटीने करून मी थकलेय.

पण काल आई म्हणाली, "पोरगा मनाने येतोय ना गं?" मी म्हटलं, "हो." माझं खोटं तिने लगेच ओळखलं असावं. ती भांडी आवरायला लागली.

तू मनाने येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. का, तेही. मागच्या ईदला, तिथल्या ज्या इत्तोशी तुला लग्न करायचंय तिला मी 'मेंढरांमागची पोर' म्हणाले. तुझ्यासमोर म्हणाले. तू ताटावरून उठून गेलास. मला त्याची लाज वाटते. तिलाही हे वाचून दाखव.

शुक्रवारी दुपारी अर्ज बंद होतात. मागे घ्यायचा तर तुलाच घ्यावा लागेल. बाजारच्या गावी जाऊन कर, तिथे नेट चालतं. मी गुरुवारी संध्याकाळी पाहीन. तुझं नाव अजून मेकनेसपुढे असलं, तर पत्र पोचलं नाही असं समजेन आणि शुक्रवारी पहाटे स्वतः टॅक्सीत बसून तुला सांगायला येईन.

गादीची लोकर मी भरून ठेवते. आईला काय सांगायचं ते माझ्यावर सोड.

तुझी वाट बघायचं सोडणारी, पण तुझीच थोरली बहीण,
बत्तूल